विश्लेषण : २७ देश, ७२० खासदार आणि एक कायदा... युरोपीय महासंघात निर्णय नेमका कोण घेतो?

मोबाइलचा चार्जर कसा असावा इथपासून युक्रेनला किती निधी द्यावा इथपर्यंतचे निर्णय युरोपीय महासंघात होतात. पण तिथे ना एक पंतप्रधान आहे, ना आपल्यासारखे मंत्रिमंडळ. मग कायदा मांडतो कोण, मंजूर करतो कोण आणि अडवतो कोण? आणि त्याचा कोकणातल्या आंबा बागायतदाराशी काय संबंध?

१७ जून २०२४. युरोपीय महासंघातल्या २७ देशांचे पर्यावरणमंत्री लक्झेम्बर्गमध्ये जमले होते. मतदान होते निसर्ग पुनर्स्थापना कायद्यावर. ऑस्ट्रिया तटस्थ राहणार, असे त्या देशाचे चॅन्सेलर कार्ल नेहामर यांनी आधीच कळवले होते. प्रत्यक्षात त्यांच्याच सरकारमधल्या पर्यावरणमंत्री लिओनोर गेवेसलर यांनी कायद्याच्या बाजूने मत दिले.

निकाल असा लागला : बाजूने २० देश, विरोधात सहा, तटस्थ एक. बाजूने मत देणाऱ्या देशांची लोकसंख्या महासंघाच्या एकूण लोकसंख्येच्या ६६.०७ टक्के भरली. गरज होती ६५ टक्क्यांची. ऑस्ट्रियाचा वाटा साधारण दोन टक्के. म्हणजे गेवेसलर तटस्थ राहिल्या असत्या, तर दोन वर्षे वाटाघाटी झालेला कायदा तिथेच पडला असता.

ऑस्ट्रियात या मतावरून मोठे वादळ उठले. चॅन्सेलरांच्या पक्षाने न्यायालयात जाण्याची घोषणा केली. पण बैठकीचे अध्यक्षपद असलेल्या बेल्जियमने हा ऑस्ट्रियाचा अंतर्गत प्रश्न ठरवला आणि मत ग्राह्य धरले. एका मंत्र्याच्या हाताला एवढे वजन कसे आले, हे समजले की महासंघाचा निम्मा कारभार समजतो.

महासंघ म्हणजे देश की संघटना?

दोन्ही नाही. संयुक्त राष्ट्रांसारखी ही फक्त चर्चेची जागा नाही, कारण इथले कायदे सदस्य देशांवर बंधनकारक असतात. भारतासारखे हे संघराज्यही नाही, कारण इथे सामाईक सैन्य नाही, आयकर वसूल करणारे केंद्र सरकार नाही आणि बाहेर पडण्याचा मार्ग उघडा आहे. ब्रिटन त्याच मार्गाने ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडले.

सुरुवात कोळसा आणि पोलादापासून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स आणि जर्मनी पुन्हा लढू नयेत, म्हणून युद्धाचा कच्चा माल असलेले हे दोन उद्योगच सामाईक देखरेखीखाली आणण्याचा प्रस्ताव फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी ९ मे १९५० रोजी मांडला. १९५१ मध्ये सहा देशांनी तसा करार केला. १९५७ च्या रोम कराराने सामाईक बाजारपेठेचा पाया घातला, १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने ‘युरोपीय महासंघ’ हे नाव दिले आणि डिसेंबर २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन कराराने आजची निर्णयपद्धत ठरवली.

कोणता विषय कोणाकडे, याची वाटणी करारात लिहिलेली आहे. सीमाशुल्क, परदेश व्यापार आणि युरो वापरणाऱ्या देशांचे चलनविषयक धोरण पूर्णपणे महासंघाकडे. शेती, पर्यावरण, वाहतूक, ऊर्जा हे विषय सामाईक. शिक्षण, आरोग्यसेवा हे मुख्यतः देशांकडेच. आपल्या राज्यघटनेतली केंद्र सूची, समवर्ती सूची आणि राज्य सूची आठवली, तर हे चित्र चटकन लक्षात येते. फरक एवढाच, की इथे ‘राज्ये’ सार्वभौम आहेत आणि केंद्राला तेवढेच अधिकार आहेत जेवढे त्यांनी स्वतः सोपवले.

कारभार चालवतो कोण?

नावे सारखी असल्याने इथे बहुतेकांचा गोंधळ उडतो. मुख्य संस्था पाच :

• युरोपीय आयोग : ब्रसेल्समधली कार्यकारी संस्था. प्रत्येक देशाचा एक, असे २७ आयुक्त. मुदत पाच वर्षे. आयुक्तांनी आपल्या देशाची नव्हे, महासंघाची बाजू पाहायची असते. अध्यक्षपदी जर्मनीच्या उर्सुला फॉन डेर लायन यांची जुलै २०२४ मध्ये दुसऱ्यांदा निवड झाली.

• युरोपीय संसद : थेट लोकांनी निवडलेले ७२० खासदार. पहिली थेट निवडणूक १९७९ मध्ये झाली.

• मंत्रिपरिषद : सदस्य देशांच्या मंत्र्यांची सभा. विषय शेतीचा असेल तर कृषिमंत्री येतात, पर्यावरणाचा असेल तर पर्यावरणमंत्री. बहुतेक बैठकांचे अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी एका देशाकडून दुसऱ्याकडे जाते. गेवेसलर यांनी मत दिले ते याच सभेत.

• युरोपीय परिषद : पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्षांची शिखर बैठक. दिशा ठरवते, पेचप्रसंग सोडवते, पण कायदे करत नाही. डिसेंबर २०२४ पासून अध्यक्षपदी पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अँतोनियो कोस्ता आले. त्यांच्या वडिलांचे घराणे गोव्याचे.

• युरोपीय न्यायालय : लक्झेम्बर्गमध्ये. महासंघाच्या कायद्याचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार याच न्यायालयाचा.

याशिवाय ‘काउन्सिल ऑफ युरोप’ नावाची ४६ देशांची संघटना स्ट्रासबर्गमध्ये आहे. नाव आणि झेंडा सारखा असला तरी ती महासंघाचा भाग नाही.

कायदा मांडण्याचा अधिकार कोणाला?

आपल्याकडे मंत्री विधेयक मांडतात आणि खासदारही खासगी विधेयक मांडू शकतात. युरोपीय संसदेच्या खासदाराला तो अधिकार नाही. काही मोजके अपवाद वगळता कायद्याचा मसुदा मांडण्याचा हक्क फक्त आयोगाला आहे. संसद किंवा मंत्रिपरिषद आयोगाला विनंती करू शकतात. किमान सात देशांतले दहा लाख नागरिक सह्या करून मागणी करू शकतात. मसुदा आणायचा की नाही, हे मात्र आयोग ठरवतो.

सर्वात जवळचे उदाहरण मोबाइलचे. प्रत्येक कंपनीचा वेगळा चार्जर आणि त्यातून होणारा ई-कचरा हा युरोपात जुना वाद होता. आयोगाने २३ सप्टेंबर २०२१ रोजी सामाईक चार्जरचा मसुदा मांडला. संसदेने ४ ऑक्टोबर २०२२ रोजी तो ६०२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला, त्याच महिन्यात मंत्रिपरिषदेनेही होकार दिला. २८ डिसेंबर २०२४ पासून महासंघात विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइलना यूएसबी टाइप-सी बंधनकारक झाले. अॅपलने तोपर्यंत वाट पाहिली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ मध्येच जुने लायटनिंग पोर्ट जाऊन टाइप-सी आले, तेही जगभर. युरोपसाठी वेगळा फोन बनवण्यापेक्षा सगळीकडे एकच बनवणे कंपन्यांना परवडते. त्यामुळे ब्रसेल्सचा नियम पुण्यातल्या ग्राहकाच्या खिशापर्यंत पोहोचतो.

संसदेत काय होते?

मसुदा एकाच वेळी संसद आणि मंत्रिपरिषदेकडे जातो. दोघांनी एकाच मजकुराला मान्यता दिली तरच कायदा होतो. संसद जनतेची, मंत्रिपरिषद देशांची. लोकसभा आणि राज्यसभेसारखी ही रचना आहे, पण मंत्रिपरिषदेत प्रतिनिधी नव्हे, खुद्द सरकारेच बसतात.

संसदेत खासदार देशानुसार बसत नाहीत, विचारसरणीनुसार गटांत बसतात. जर्मनीचा समाजवादी खासदार स्पेनच्या समाजवाद्याशेजारी बसतो. जागांची वाटणी लोकसंख्येच्या सरळ प्रमाणात नाही. जर्मनीला सर्वाधिक ९६ जागा, फ्रान्सला ८१, इटलीला ७६. माल्टा, लक्झेम्बर्ग आणि सायप्रसला प्रत्येकी सहा. त्यामुळे जर्मनीत एका खासदारामागे साडेआठ लाखांहून जास्त लोक येतात, तर माल्टात लाखभरही नाहीत. लहान देशाचा आवाज पूर्ण दबू नये, म्हणून ही सवलत जाणीवपूर्वक दिलेली आहे.

निसर्ग कायद्याचा प्रवास चार्जरइतका सोपा नव्हता. २०३० पर्यंत महासंघातल्या किमान २० टक्के जमीन आणि समुद्रक्षेत्रावर पुनर्स्थापनेची कामे हाती घ्यायची, असा हा कायदा. शेतीवर बंधने येतील म्हणून अनेक शेतकरी संघटनांचा त्याला विरोध होता. आयोगाने २२ जून २०२२ रोजी मसुदा मांडला. जुलै २०२३ मध्ये संसदेत तो मुळातूनच फेटाळण्याचा ठराव आला आणि ३१२ विरुद्ध ३२४ मतांनी पडला. बारा मतांच्या फरकाने कायदा वाचला.

पुढचा टप्पा बंद दाराआडचा. संसद, मंत्रिपरिषद आणि आयोग यांचे मोजके प्रतिनिधी एकत्र बसून मजकुरावर तडजोड करतात. याला ‘ट्रायलॉग’ म्हणतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली, बऱ्याच अटी सौम्य झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेने ३२९ विरुद्ध २७५ मतांनी अंतिम मंजुरी दिली. उरली ती मंत्रिपरिषद. तिथे मार्चमध्ये हंगेरीने पाठिंबा काढून घेतला, बहुमत हुकले आणि ठरलेले मतदान रद्द करावे लागले. म्हणूनच जूनमध्ये ऑस्ट्रियाच्या मताला एवढे मोल आले.

५५ आणि ६५ चे गणित काय?

मंत्रिपरिषदेत बहुतेक कायदे ‘विशेष बहुमता’ने मंजूर होतात. त्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, किमान ५५ टक्के देश बाजूने हवेत, म्हणजे २७ पैकी १५. दुसरी, त्या देशांची लोकसंख्या महासंघाच्या सुमारे ४५ कोटी लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के हवी.

दोन अटी कशासाठी? फक्त देश मोजले, तर सर्वात लहान १५ देश एकत्र येऊन कायदा करू शकतील, पण त्यांची लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या एक षष्ठांशही भरत नाही. फक्त लोकसंख्या मोजली, तर मोजके मोठे देश बाकीच्यांवर निर्णय लादतील. दोन्ही चाळण्यांतून जाणाराच प्रस्ताव पुढे जातो.

कायदा रोखण्यासाठीही नियम आहे. लोकसंख्येच्या ३५ टक्क्यांहून अधिक वाटा असलेले किमान चार देश विरोधात हवेत. चार का? जर्मनी, फ्रान्स आणि इटली या तिघांचीच लोकसंख्या ३५ टक्क्यांच्या बरीच वर जाते. चौथ्याची अट नसती, तर या तिघांना हवा तो कायदा अडवता आला असता.

आपल्याकडे जीएसटी परिषदेत असाच प्रकार आहे. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश आणि सर्व राज्यांना मिळून दोन तृतीयांश वजन असते, निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. फरक असा, की जीएसटी परिषदेत राज्य लहान असो वा मोठे, त्याच्या मताचे वजन सारखेच. मंत्रिपरिषदेत लोकसंख्याही मोजली जाते.

यातली खरी मेख तटस्थ राहण्यात आहे. ५५ आणि ६५ टक्क्यांचा आकडा ‘बाजूने’ पडलेल्या मतांतूनच गाठायचा असल्याने, तटस्थ मत प्रत्यक्षात विरोधासारखेच काम करते. ऑस्ट्रियाच्या चॅन्सेलरांना विरोधात मत टाकण्याची गरज नव्हती, ‘तटस्थ’ एवढेच पुरेसे होते.

एकमत कुठे लागते?

परराष्ट्र धोरण, करविषयक कायदे, नव्या देशाला प्रवेश आणि महासंघाची सात वर्षांची आर्थिक चौकट. या विषयांत प्रत्येक देशाकडे नकाराधिकार आहे. इथे तटस्थतेचा अर्थ उलटा होतो : तटस्थ देश निर्णय अडवत नाही.

याचे गाजलेले उदाहरण १४ डिसेंबर २०२३ चे. युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करायच्या की नाही, यावर शिखर बैठकीत चर्चा होती. हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांचा ठाम विरोध होता. शेवटी ते दालनाबाहेर गेले आणि उरलेल्या २६ नेत्यांनी निर्णय घेतला. विरोधही नोंदला गेला आणि नकाराधिकारही वापरला गेला नाही. पण त्याच रात्री युक्रेनसाठीच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीला ओर्बान यांनी नकार दिला. ती मदत १ फेब्रुवारी २०२४ च्या विशेष बैठकीपर्यंत अडकून राहिली. युद्धात असलेल्या देशाला एका सदस्याच्या नकारामुळे दीड महिना थांबावे लागले.

म्हणूनच नकाराधिकाराची व्याप्ती कमी करावी, अशी मागणी वारंवार होते. लहान देशांचा त्याला विरोध आहे, कारण मोठ्यांपुढे तीच त्यांची शेवटची ढाल. आणि अडचण अशी, की एकमताचा नियम बदलायचा असेल तर त्यालाही एकमतच लागते.

कायदा पाळला नाही तर?

महासंघाचे कायदे मुख्यतः दोन प्रकारचे. ‘रेग्युलेशन’ थेट सर्व देशांत लागू होते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा ‘जीडीपीआर’ मे २०१८ पासून असाच लागू आहे. ‘डायरेक्टिव्ह’ मध्ये उद्दिष्ट दिलेले असते, त्यासाठीचा कायदा प्रत्येक देश आपापल्या संसदेत करतो. चार्जरचा नियम या प्रकारातला.

महासंघाचे पोलीस घरोघरी जात नाहीत. अंमलबजावणी देशांची यंत्रणाच करते. टाळाटाळ झाली, तर आयोग न्यायालयात जातो. राष्ट्रीय कायदा आणि महासंघाचा कायदा यांत विसंगती आली, तर महासंघाचा कायदा वरचढ, हे न्यायालयाने १९६४ मध्येच स्पष्ट केले आहे. १३ जून २०२४ रोजी न्यायालयाने आश्रय मागणाऱ्या स्थलांतरितांबाबतचे नियम न पाळल्याबद्दल हंगेरीला २० कोटी युरोंचा दंड ठोठावला. शिवाय पालन होईपर्यंत रोज १० लाख युरो.

हापूसवरची बंदी कोणी घातली होती?

आतापर्यंत पाहिले ते मोठ्या कायद्यांचे. पण महासंघाचे अनेक निर्णय बातम्यांत न येणाऱ्या समित्यांत होतात. महाराष्ट्राला त्याचा फटका २०१४ मध्ये बसला. १ मे पासून भारतातून येणारा आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्या आयातीवर महासंघाने बंदी घातली. ऐन हापूसच्या हंगामात. कारण होते कीड. २०१३ मध्ये भारतातून आलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या.

हा निर्णय ना संसदेच्या मतदानाने झाला, ना शिखर बैठकीत. वनस्पती आरोग्याच्या स्थायी समितीत, म्हणजे सदस्य देशांच्या तज्ज्ञ अधिकाऱ्यांच्या बैठकीत, मार्चमध्ये त्याला मान्यता मिळाली होती. मूळ कायदा संसद आणि मंत्रिपरिषदेसारख्या वरच्या संस्था करतात. अंमलबजावणीचे तपशील आयोग अशा समित्यांच्या संमतीने ठरवतो.

युरोपात हापूसची मोठी बाजारपेठ ब्रिटनची. तेव्हा ब्रिटन महासंघात होते. लेस्टरचे तत्कालीन खासदार, मूळ गोव्याच्या कुटुंबातले कीथ वाझ यांनी बंदीविरोधात आवाज उठवला. पण वनस्पती आरोग्याचे नियम महासंघाचे असल्याने लंडनला एकट्याने बंदी उठवता येईना. दरम्यान भारताने निर्यातीपूर्वीची तपासणी आणि फळमाशी नष्ट करण्याची प्रक्रिया कडक केली. महासंघाच्या पथकाने पाहणी केली आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याच समितीने आंब्यावरची बंदी उठवण्यास संमती दिली. मुदत डिसेंबर २०१५ पर्यंत होती. आंबा एक हंगाम आधी सुटला. मार्ग निघाला तो निर्यातीच्या व्यवस्थेत केलेल्या सुधारणेतून.

द्राक्षांचा अनुभव त्याआधीचा. २०१० मध्ये ‘सीसीसी’ या नावाने शेतकऱ्यांना परिचित असलेल्या वाढनियंत्रकाचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष सापडल्याने भारतीय द्राक्षांची युरोपातली निर्यात अडचणीत आली होती. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्यासाठी महासंघात सरसकट मर्यादा किलोमागे ०.०१ मिलीग्रॅम आहे. या मर्यादा ठरतात आणि बदलतात त्या आयोग आणि समित्यांच्याच पातळीवर.

टीका काय आहे?

मुख्य आक्षेप लोकशाहीच्या अंतराचा. कायदा मांडणारा आयोग थेट निवडून येत नाही. त्याचा अध्यक्ष देशांचे नेते सुचवतात आणि संसद निवडते. २०२४ मध्ये फॉन डेर लायन यांना ४०१ मते मिळाली. महत्त्वाची तडजोड ट्रायलॉगमध्ये बंद दाराआड होते. २०२४ च्या संसद निवडणुकीत मतदान सुमारे ५१ टक्के होते, म्हणजे निम्मे मतदार घरीच राहिले. शिवाय न आवडणारा निर्णय आला, की देशांतले नेते ‘ब्रसेल्सने लादला’ म्हणून हात झटकतात, जरी त्या बैठकीत त्यांचाच मंत्री बसलेला असला तरी.

समर्थकांचे म्हणणे, हळू चालते पण एकत्र चालते. २४ अधिकृत भाषा आणि शतकानुशतकांच्या लढायांचा इतिहास असलेले देश आज रणांगणाऐवजी टक्केवारीवर भांडतात, हेच या व्यवस्थेचे यश.

भारताने काय लक्षात ठेवावे?

भारत आणि महासंघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. व्यापार हा पूर्णपणे महासंघाचा विषय असल्याने भारताला वाटाघाटी पॅरिस किंवा बर्लिनशी नव्हे, आयोगाशी कराव्या लागतात. वाटाघाटी झाल्या म्हणजे काम संपत नाही. असा करार लागू होण्यासाठी मंत्रिपरिषद आणि संसद दोघांचीही संमती लागते.

करारामुळे आयातशुल्क कमी होऊ शकते. पण फळमाशी सापडलेली खेप किंवा अवशेषांची मर्यादा ओलांडलेला कंटेनर त्यामुळे बंदरातून सुटत नाही. ते नियम वेगळे आणि ते ठरवणारी माणसेही वेगळी. रत्नागिरीचा बागायतदार असो वा नाशिकचा द्राक्ष उत्पादक, त्याच्या मालाचे भवितव्य शिखर बैठकीच्या छायाचित्रापेक्षा समितीच्या अजेंड्यावर जास्त अवलंबून असते. तो अजेंडा आयोगाच्या संकेतस्थळावर बैठकीआधी प्रसिद्ध होतो. निर्यातदारांनी त्यावर लक्ष ठेवले, तर पुढचा नियम किमान अचानक येऊन आदळणार नाही.